ठोसा, गुद्दा, धपाटा: मराठीतल्या माराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभाषेतल्या मालिका आणि कार्टून यांचे संवाद मराठीत करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. हाणामारीचा प्रसंग आला की मूळ संहितेत एकच शब्द दहा-दहा वेळा येतो. मराठीत तो लिहायला बसलं की हात थांबतो. कुणी मारलं? कुणाला? कुठं? हात उघडा होता की मिटलेला? आवाज आला का? या कामात नवीन आलेली मंडळी फोन करून जे विचारतात, तेच इथं एका जागी लिहून ठेवलंय.

इंग्रजी 'पंच'ला मराठीत एकच नेमका शब्द सांगा ना.

घाईत असाल तर 'ठोसा' लिहा आणि पुढं चला. पण 'पंच' तसाच ठेवू नका. मराठीत पंच म्हणजे बोट वर करून फलंदाजाला बाद देणारा माणूस, किंवा पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदार. 'पंचने त्याला पाडलं' असं वाक्य एकदा माझ्या हातून गेलं होतं. तपासणाऱ्यानं समासात लिहिलं, 'पंच खेळाडूंवर हात का उचलतोय?'

बुक्की, गुद्दा आणि ठोसा, तिन्ही मुठीचेच. मग फरक काय?

कोशात पाहाल तर तिन्हींचा अर्थ जवळपास सारखाच दिसेल. वापरात तसं नाही.

बुक्की लहान असते. भावंडं एकमेकांना मारतात ती बुक्की. एकटी बुक्की कुणाला जखमी करत नाही, पण ती अनेकवचनात आली की मामला गंभीर होतो. 'लाथाबुक्क्यांनी तुडवलं' यात गंमत उरत नाही. 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' ही म्हण तर या सगळ्या शब्दसंग्रहातली सगळ्यात क्रूर. मार सोसायचा आणि ओरडायचंही नाही. तिच्यातून बुकलणे हे क्रियापद डोळ्यांसमोर येतं, म्हणजे खाली पाडून वरून मुठी चालवणं. (पंढरपूरचा बुक्का वेगळा. तो कपाळाला लावायचा.)

गुद्दा जवळून बसतो. पाठीत, कुशीत, बरगडीत. मारणारा आणि खाणारा एकमेकांना चिकटलेले असतात आणि मूठ मागं नेऊन फिरवायला जागा नसते. त्यामुळे गुद्द्याला ऐट नाही. बसच्या रांगेतली भांडणं, जमीन वाटणीवरून अंगणात झालेली झटापट, पंचायतीच्या सभेतला गोंधळ, या सगळ्यांत गुद्दे चालतात. 'मुद्द्यांवरून गुद्द्यांवर' हा मथळा बातमीदारांनी इतका वापरलाय की आता त्याला हात लावू नये.

ठोसा समोरून येतो आणि त्याला दिशा असते. मारणाऱ्यानं नेम धरलेला असतो. म्हणून खेळाच्या पानावर ठोसा, सिनेमाच्या नायकाचा ठोसा, आणि 'ठोशास ठोसा' या वाक्प्रचारातला बरोबरीचा सामना. आईनं मुलाला ठोसा मारला असं कुणी लिहिलं तर वाचणारा दचकेल. दचकायलाच हवं.

मुक्का हा हिंदीतून आला. मुंबईच्या बोलण्यात रुळलाय, त्यामुळे मुंबईच्या पात्राच्या तोंडी खुशाल घाला.

उघड्या हाताचे शब्द इतके का आहेत? चापट, थप्पड, चपराक, थोबाडीत, मुस्कटात, कानशिलात…

कारण मराठी माणूस मूठ कमी वळतो आणि हात जास्त उगारतो, असं माझं आपलं मत. मोजलं मात्र नाही.

चापट सगळ्यात सौम्य. हिचं नातं संस्कृतातल्या 'चपेट'शी. डासाला मारतो तीही चापटच. थप्पड मध्यम. चपराक हल्ली गालावर बसतच नाही, ती न्यायालयाकडून सरकारला किंवा मतदारांकडून पक्षाला बसते. गालावर बसलेली चपराक लिहायची असेल तर आधी 'सणसणीत' लावावं लागतं, नाहीतर वाचक तिला टीका समजतो.

थोबाडीत, मुस्कटात, कानशिलात, कानफटात, कानाखाली, गालफडात हे सगळे मूळचे जागेचे पत्ते. थप्पड हा शब्द गाळून टाकायचा आणि नुसता पत्ता सांगायचा. त्यातही पायऱ्या आहेत. 'कानशिलात लगावली' हे वर्तमानपत्री, 'कानाखाली वाजवली' हे चौकातलं, 'मुस्कटात ठेवून दिली' हे घरातलं. 'श्रीमुखात भडकावली' म्हणणारा माणूस एक तर जुन्या पुस्तकांवर वाढलेला असतो, नाहीतर चेष्टा करत असतो. मुस्कटावरून आठवलं, 'मुस्कटदाबी' त्याच मुस्कटाची. बोलू न देणं आणि थोबाडीत देणं, दोन्हींची जागा एकच.

'कानाखाली' हा साधा बोलीतला शब्द वाटतो, पण ऑगस्ट २०२१ मध्ये त्यानं राज्य ढवळून काढलं होतं. तत्कालीन केंद्रीय मंत्री नारायण राणे महाडला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याबद्दल बोलताना हा शब्दप्रयोग करून बसले. दुसऱ्या दिवशी रत्नागिरी जिल्ह्यात त्यांना अटक झाली आणि त्याच रात्री महाडच्या न्यायालयानं जामीन दिला. पुढचे काही दिवस वाहिन्यांवर या शब्दप्रयोगाचीच चर्चा होती.

'एक ठेवून दिली' म्हणजे नक्की काय ठेवलं?

हा माझा आवडता प्रश्न. वाक्यात नाम नाही, तरी सगळ्यांना कळतं. गुपित क्रियापदाच्या लिंगात आहे. 'ठेवून दिली', 'लगावली', 'वाजवली', 'चढवली' ही सगळी स्त्रीलिंगी, कारण न बोललेली थप्पड, चापट किंवा चपराक स्त्रीलिंगी आहे. आता हेच पाहा: 'त्यानं दोन ठेवून दिल्या' आणि 'त्यानं दोन ठेवून दिले'. पहिल्या वाक्यात गाल लाल झालेत. दुसऱ्यात पाठीत रट्टे नाहीतर गुद्दे बसलेत. एका मात्रेत हात उघडतो नाहीतर मिटतो. संवाद लिहिताना हे चुकवू नका. प्रेक्षकाला व्याकरण येत नसेल, पण पडद्यावर मूठ दिसत असताना कानावर 'दिल्या' पडलं तर त्याला काहीतरी खटकतं.

मारताना शरीराच्या अवयवांची नावं का बदलतात?

नीट लक्ष दिलंत. कुणी कुणाच्या चेहऱ्यावर मारत नाही, थोबाडावर मारतं. डोक्यात नाही, टाळक्यात किंवा टकुऱ्यात. पाय नाही, तंगडी. कंबर नाही, कंबरडं किंवा पेकाट. दात नाही, बत्तीशी. मारायचं ठरलं की आधी त्या अवयवाचा मान काढून घ्यायचा आणि मग हात टाकायचा, अशी भाषेची रीत दिसते. 'तुझ्या चेहऱ्यावर एक मारेन' हे वाक्य मराठी नाही. भाषांतर आहे हे पहिल्याच ओळीत उघडं पडतं.

शिवाय प्रत्येक माराची जागा ठरलेली असते. धपाटा पाठीत, टपली डोक्यात, लाथ पेकाटात, फटका ढुंगणावर, छडी तळहातावर नाहीतर पोटरीवर. पाठीत टपली किंवा डोक्यात धपाटा मारून पाहा, वाक्य लंगडतं.

धपाटा खायचा की खायचा?

दोन्ही खायचेच. सोलापूर-मराठवाड्याकडं धपाटं म्हणजे मिश्र पिठाचं, तिखटमीठ घालून हातानं थापून केलेलं, थालीपिठाच्या कुळातलं. आणि धपाटा म्हणजे आईचा.

माझ्या डोक्यात हे दोन्ही एकत्रच आहेत. भाकरी थापता थापता आईनं मागं न वळता हात फिरवला होता. मी तिसरी-चौथीत असेन. शाळेच्या निळ्या शर्टावर पाठीमागं ज्वारीच्या पिठाचा पाच बोटांचा ठसा उमटला. तो तसाच घेऊन मी शाळेत गेलो. दिवसभर मागच्या बाकावरचे का हसतायत ते मधल्या सुट्टीत कळलं. दुखलं नव्हतं. धपाट्याचा आवाज मोठा आणि मार लहान, तळहात किंचित खोलगट असल्यामुळे. तो आजी, आई, मावशी, मोठी बहीण यांच्याच हातचा. अनोळखी माणसाच्या हातून धपाटा पडूच शकत नाही, आणि माझ्या मते या शब्दसंग्रहाची किल्ली इथंच आहे. मराठीत मार किती जोरात बसला यापेक्षा हात कुणाचा होता, हे शब्द आधी सांगतो.

'मार खाणे' हा प्रयोग तर आहेच, शिवाय 'धम्मकलाडू' आणि 'चापटपोळी' हा पोरांना हट्टाच्या वेळी मिळणारा मेनू. 'प्रसाद मिळाला', 'खरपूस समाचार घेतला' हेही त्याच पंगतीतले. उलट बाजूनं कोल्हापूरकर मिसळ 'हाणतो'. जेवणही हाणायचं आणि माणूसही.

रट्टा, रपाटा, दणका यांचं काय?

रट्टा मोठ्या भावाचा किंवा बापाचा, पाठीत, खांद्यापासून आलेला. रपाटा त्याहून वेगवान आणि आवाजाचा. दणका इतका जड की आता तो माणसाला बसायचा थांबून संस्थांना बसतो: वीजबिलाचा दणका, महापालिकेचा दणका. विशेष काही नाही.

थाप म्हणजे मार की शाबासकी?

भाकरीवर थाप, तबल्यावर थाप, दारावर थाप, पाठीवर थाप. कुठंही इजा नाही. उघडा हात, मऊ आघात. आणि 'थापा मारणे' म्हणजे खोटं बोलणं. पाठ थोपटणारा आणि थापा मारणारा पुष्कळदा एकच असतो, पण तो विषय वेगळा.

टपली, टिचकी, कोपरखळी, ढुशी हे मार म्हणायचे का?

मार नव्हेत, पण यादीतून काढताही येणार नाहीत.

टपली मैत्रीतली, मागून येऊन डोक्यात मारायची आणि पळायचं. टिचकी अंगठ्यात अडकवलेल्या बोटाची, ती कॅरमच्या सोंगटीला लागते किंवा कानाच्या पाळीला. ढुशी वासराची, डोक्यानं. लहान मूल आजोबांच्या पोटात डोकं खुपसतं तीही ढुशीच. कोपरखळीचं मात्र पूर्ण रूपांतर झालंय. शेजाऱ्याला कोपरानं हळूच ढोसणं हा मूळ अर्थ जवळपास गेला, उरली ती शब्दांची कोपरखळी. तुमच्या पात्रानं खरंच कोपर मारलं असेल तर सरळ 'कोपरानं ढोसलं' लिहा.

चिमटा आणि गालगुच्चा यांत आघात नाही, म्हणून सोडून देतो. गालगुच्चे घेणाऱ्या काकूंवर गुन्हा दाखल व्हायला हवा, हे माझं लहानपणापासूनचं मत.

लाथेला वेगळे शब्द नाहीत का?

फारसे नाहीत. लाथ, लाथाडणे, लाथाळी, आणि विनोदानं लत्ताप्रहार. पण म्हणी झकास आहेत. 'लाथ मारीन तिथं पाणी काढीन' यात लाथ म्हणजे धमक. 'दुभत्या गाईच्या लाथा गोड' यात लाथ म्हणजे व्यवहार. एक सांभाळा: फुटबॉलला मराठी माणूस लाथ मारत नाही, किक मारतो. लाथ म्हटली की तिरस्कार आलाच.

मारणे, हाणणे, बदडणे, बडवणे, चोपणे, कुटणे… इतकी क्रियापदं आली कुठून?

शेतातून, स्वयंपाकघरातून आणि नदीकाठच्या धुण्याच्या दगडावरून. ही यादी मी एकदा सहज करायला बसलो आणि थक्क झालो.

कोकणात भाताचे भारे आपटून दाणा वेगळा करायचा, ती झोडणी. त्यावरून 'झोडपून काढणे'. तुरीच्या, हरभऱ्याच्या वाळलेल्या झाडांवर काठ्या मारायच्या, ते बडवणं. खळ्यावर बैल फिरवून कणसं तुडवायची, त्यावरून माणूस तुडवणं. मिरच्या कुटायच्या, लसूण ठेचायचा, धुणं धोपटायचं. या सगळ्यांना माणूस हे कर्म लावलं की मारहाण तयार. 'कणीक तिंबणे' यात तर काही बदलावंच लागत नाही. 'त्याची चांगली कणीक तिंबली' म्हटलं की परातीतल्या गोळ्यासारखा सगळ्या बाजूंनी दाबून, वळून, आपटून काढलेला माणूस दिसतो.

म्हणून निवडताना मूळ काम डोळ्यांपुढं आणा. झोडपण्यात लांब काठी किंवा धार असते, म्हणून पाऊस झोडपतो आणि फलंदाज गोलंदाजाला झोडपतो. बडवण्यात पोकळ, आवाज देणारी वस्तू असते: ढोल, छाती. ठेचण्यात खाली कठीण पृष्ठभाग हवा. कुटण्यात पुन:पुन्हा, लयीत. तुडवण्यात पाय. चोपण्यात हात सपाट, चोपणीनं जमीन चोपतात तसा. बातमीत 'जमावानं चोरट्याला चोप दिला' येतं. चोप हा एकट्यादुकट्याचा मार नसतो, त्यात मारणाऱ्यांची मान्यता गृहीत असते, आणि म्हणूनच मला तो शब्द बातमीत आवडत नाही. जमावानं केलेली मारहाण असेल तर मारहाण म्हणावं.

मार आणि वार यांत गोंधळ होतो.

होऊ नये. हाताचा, काठीचा, चामड्याचा तो मार. धारेचा तो वार. घाव कुऱ्हाडीचा, घणाचा, छिन्नीचा: 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही', 'एक घाव दोन तुकडे'. घाला म्हणजे अचानक हल्ला. दांडपट्ट्याचे वार असतात, दांडपट्ट्याचा मार नसतो. (२०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. त्यानंतर ऐतिहासिक मालिकांच्या संहितांमध्ये तो वाढलाय, आणि 'पट्ट्यानं मारलं' ही चूकही. पट्ट्यानं मारलं की कमरेचा पट्टा आठवतो.)

चाबूक, आसूड, कोरडा हे 'ओढायचे', मारायचे नाहीत. टीकेचे आसूडही ओढतात. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात हाच असूड शेतकऱ्याच्या हातात दिला.

स्वतःलाच मारतात त्याला काय म्हणायचं?

पैलवान मांडीवर किंवा दंडावर हात आपटतो, तो शड्डू. तो 'ठोकायचा'. आता निवडणुकीतही ठोकतात. दुःखात ऊर बडवायचा, चूक कळल्यावर कपाळावर हात मारून घ्यायचा, आणि देवळात अपराध कबूल करताना स्वतःच्या गालांवर हलक्या चापट्या. सगळ्यात भयंकर आणि सगळ्यात ओळखीचा आवाज पोतराजाचा. कडकलक्ष्मीचा गाडा डोक्यावर घेतलेली बाई, ढोलकं, आणि उघड्या अंगावर कोरडा ओढून घेणारा पोतराज. तो 'सट्' आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. आम्ही पोरं दाराआड उभी राहून मोजायचो.

आवाज कसे लिहायचे?

गालावर: फाडकन, खाडकन, काडदिशी. पाठीत: धप्पकन, धपकन. छडीचा: सपकन, सट्कन. काठीचा जाड आवाज: रप्पकन. मूठ मांसात बसली तर आवाज जवळजवळ नसतो, सिनेमातला 'ढिशुम' तिथं भरीला घातलेला. मुलांच्या कार्टूनमध्ये ढिशुम चालतो. गंभीर मालिकेत एकदाही नको.

बॉक्सिंगमधले जॅब, हुक, अपरकट मराठी करायचे का?

शब्द तसेच ठेवा, समजावणं मराठीत करा. जॅब: पुढच्या हाताचा, आखूड, सरळ ठोसा, अंतर मोजायला आणि प्रतिस्पर्ध्याला लांब ठेवायला. क्रॉस: मागच्या हाताचा, कंबर फिरवून आलेला सरळ ठोसा. हुक: कोपर वाकवून बाजूनं. अपरकट: खालून वर, हनुवटीकडं. रिंगणात उतरलेल्या मुलांना विचारा, तीही हेच शब्द वापरतात, 'वक्रमुष्टिप्रहार' कुणी म्हणत नाही. कमरेखाली आणि डोक्याच्या मागच्या बाजूला मारलेला ठोसा नियमबाह्य. खेळाला 'मुष्टियुद्ध' आणि खेळाडूला 'मुष्टियोद्धा' हे वर्तमानपत्रांनी रुळवलेले शब्द. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये विजेंदर सिंगनं आणि २०१२ ला लंडनमध्ये मेरी कोमनं कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून ते सगळ्यांच्या तोंडी आहेत.

मग बॉक्सर पडला की 'चीत' म्हणायला काय हरकत आहे?

मोठी हरकत आहे. चीत हा कुस्तीचा शब्द आणि त्याला नेमका अर्थ आहे: दोन्ही खांदे जमिनीला टेकले. पाठीवर पडल्याशिवाय माणूस चीत होत नाही. बॉक्सर पुष्कळदा तोंडावर पडतो, आणि १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांपासून त्याला उठायला दहा सेकंद मिळतात. कुस्तीत असं मोजणं नाही. पाठ लागली की संपलं. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले त्या खेळात तर ठोसा मारायलाच बंदी. कोल्हापूरच्या तालमीत जा, तिथं ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड ऐकाल. हे सगळे डाव आहेत, मार नव्हेत. बॉक्सरला 'धोबीपछाड' दिल्याचा मथळा मी वाचलाय. नुसतं 'गारद केलं' लिहिलं असतं तरी भागलं असतं.

पोलीस तक्रारीत 'लाथाबुक्क्यांनी'च का लिहितात?

कारण अंमलदाराला सगळ्यात आधी हे नोंदवायचं असतं की हातात वस्तू होती की नव्हती. 'शिवीगाळ, दमदाटी करून हाताबुक्क्यांनी व लाथांनी मारहाण केली' हे वाक्य ठशासारखं आहे. त्यात साहित्य शोधू नका. काठी, दगड, सळई आली की कलम बदलतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ११५ (२) प्रमाणं साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र. हाड मोडलं किंवा दात तुटला तर ती 'गंभीर दुखापत' होते आणि कैद सात वर्षांपर्यंत जाते. 'बत्तीशी पाडीन' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ठाण्यात बसून आणखी एक शब्द शिकाल, 'मुका मार'. रक्त नाही, जखम नाही, पण आत ठणकतंय. डॉक्टरही हाच शब्द वापरतात. आपल्या भाषेतला मला सगळ्यात अचूक वाटणारा शब्द हा. त्याच्या बाजूला वळ (छडीचा, लांबट), टेंगूळ (डोक्यावरचं), काळंनिळं पडणं, आणि गालावर बोटं उमटणं. प्रसंग मारल्यानंतर सुरू होत असेल तर या शब्दांवरूनच प्रेक्षकाला कळतं की मारलं कशानं.

घरात नवऱ्यानं बायकोला मारल्याचा प्रसंग आहे. कोणता शब्द?

मारलं. मारहाण. बस. 'हात उचलला', 'दोन ठेवून दिल्या', 'धपाटा घातला' यातलं काहीही लिहिलंत तर तुम्ही त्या नवऱ्याच्या बाजूनं लिहिताय. 'हात उचलला' यात हात उचलून पुढं काय झालं ते गाळलंय. सासू, शेजारी किंवा नवरा स्वतः असं म्हणत असेल तर खुशाल म्हणू द्या, ती त्या पात्राची पळवाट आहे. निवेदकाच्या तोंडी नको. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे, पण मालिकांची भाषा अजून त्याच्या मागंच रेंगाळते.

शाळेतल्या छडीचे शब्द अजून चालतील का?

काळ बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली, आणि कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यामुळे आजच्या वर्गात छडी दाखवलीत तर तो गुन्ह्याचा प्रसंग होतो. पण १९८० च्या शाळेची गोष्ट असेल तर सगळा ऐवज हवा: हातावर छड्या, उलट्या मुठीवर पट्टी, भिरकावलेला डस्टर, 'चौदावं रत्न दाखवू का?' ही धमकी. आमच्या एका गुरुजींची छडी निरगुडीची होती, आणि ती तोडून आणायला ज्याला मार बसायचा होता त्यालाच पाठवायचे. बारीक आणली तर जास्त लागते, हे कळायला मला दोन खेपा लागल्या.

बातम्यांत टोला, चिमटा, फटका, तडाखा, धक्का यांचा क्रम कसा लावायचा?

चिमटा आणि कोपरखळी हसत हसत. टोला 'खोचक' असतो आणि 'लगावतात'. वास्तविक टोला विटीला किंवा चेंडूला. कानपिचक्या वरिष्ठांकडून, कानउघाडणी त्याहून कडक. चपराक न्यायालयाची. फटका पैशांचा किंवा पिकांचा. तडाखा वादळाचा आणि उन्हाचा. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा सगळीकडं 'तडाखा' होता आणि तो बरोबर होता. माड जमिनीसपाट झाले होते.

फटका कवितेचाही प्रकार आहे, हे नव्या मंडळींना ठाऊक नसतं. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी यांचे फटके प्रसिद्ध आहेत: उपदेश करायचा, पण पाठीवर सपकन बसेल असा.

प्रदेशाप्रमाणं शब्द बदलतात का?

बदलतात. नागपूरकडं 'झापड' देतात. कोल्हापूर-सांगलीकडं मारत नाहीत, 'हाणतात', आणि कानाखाली 'जाळ काढतात'. गोव्यात कोंकणीत 'थापट'. पात्र कुठलं आहे ते ठरवा आणि एकच झापड नीट लावा. दर वाक्यात बोली घातली की पात्राचं सोंग होतं.

ओठांच्या हालचालीशी शब्द जुळत नसेल तर?

तर वरचं सगळं बाजूला ठेवायचं. प, ब, म यांना ओठ मिटतात आणि मिटलेले ओठ प्रेक्षकाला दूरवरूनही दिसतात. मूळ संवादात तोंड 'प'साठी मिटलं असेल आणि तुम्ही 'ठोसा' लिहिलात, तर आवाज आधी आणि ओठ नंतर असं दिसतं. मागच्या महिन्यात सहा फुटी, टक्कल केलेल्या, गालावर व्रण असलेल्या खलनायकाचा जवळून घेतलेला चेहरा होता. मी अर्धा तास 'ठोसा' बसवायचा प्रयत्न केला. शेवटी तो पडद्यावर गुरगुरत म्हणाला, 'एक बुक्की मारीन!' ध्वनिमुद्रकानं काच वाजवून अंगठा दाखवला. ओठ बरोबर जुळले होते.